सुट्टीची धास्ती

"आज रविवार हाय, वाईच पडा की," राहीबाई म्हणाली, तोवर नाथाजी शेडग्यांनी टोपी डोक्यावर चढवलीही होती.

"पडून मरू व्हय?" ते म्हणाले आणि गिरणीकडे चालू लागले.

हे ते चिडून बोलले नव्हते. ती त्यांची वैद्यकीय समजूत होती.

नाथाजी सांगलीच्या एका कापड गिरणीत पिंजण खात्यात होते. तिथली हवा कापसाच्या धुळीने पांढरी असे. माणसे आत जाताना जशी असत तशी जात आणि बाहेर येताना भुवयांसकट म्हातारी होऊन येत. नळावर तोंड धुतले की पुन्हा तरुण. छाती मात्र नळाखाली धरता येत नाही.

दर सोमवारी, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, नाथाजींच्या छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखे होई. श्वास आत जाई, पण बाहेर यायला तयार नसे. गळ्यातून पिपाणी वाजे. मंगळवारी पाटा हलका होई, बुधवारी ते विसरून जात, आणि शनिवारी सोमवारची आठवण येऊन तळहातांना घाम सुटे. राहीबाई रविवारी गोडाचे करी, तेव्हा त्यांना फाशीच्या कैद्याला शेवटची इच्छा विचारतात त्याची आठवण होई.

निदान केले ते खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, लालासाहेब याने. "गड्या, पैलवानानं एक दिस तालीम चुकवली की दुसऱ्या दिशी अंग धरतं का न्हाई? छातीचं बी तसंच. सुट्टी लागली की लाडावती. लाडावू द्यायची न्हाई."

सांगलीत तालमीचा दाखला दिल्यावर पुरावा मागायची पद्धत नाही. नाथाजींनी सुट्टीच बंद केली. रविवारी यंत्रे झाडायला एक टोळी येई, तिच्यात ते जाऊ लागले. आठवड्याची सगळी धूळ त्या एका दिवशी उडे, त्यामुळे छातीला खाडा पडण्याचा प्रश्न उरला नाही. आणि सोमवारचा पाटा खरोखर हलका झाला. लालासाहेबाची वैद्य म्हणून कीर्ती थेट रंग खात्यापर्यंत गेली.

अशी काही वर्षे गेली. चीनचे आक्रमण नुकतेच होऊन गेले होते आणि मॅनेजरसाहेबांना भाषणासाठी एक देशभक्त हवा होता. वार्षिक समारंभात त्यांनी नाथाजींना व्यासपीठावर उभे केले. "हा माणूस रविवारीसुद्धा घरी बसत नाही!" टाळ्या झाल्या. शाल दिली, नारळ दिला, आणि या निष्ठेचे बक्षीस म्हणून आठवडाभराची भरपगारी रजा जाहीर केली.

नाथाजींनी घाईघाईने नारळ खाली ठेवला. "साहेब, रजा तेवढी नगं," ते ध्वनिक्षेपकातच म्हणाले.

टाळ्या दुप्पट झाल्या.

रजेत राहीबाईने त्यांना रहिमतपूरला माहेरी नेले, आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला एका डॉक्टरांपुढे बसवले. हे डॉक्टर पूर्वी मुंबईत गिरणगावात होते. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि विचारले, "सोमवारी जास्त व्हायचं?"

नाथाजी दचकले. नळीतून वारही ऐकू येतो हे त्यांना माहीत नव्हते.

डॉक्टरांनी आपल्या कोटाची बाजू उलटून दाखवली. "ह्याला आतून अस्तर आहे, दिसतंय? श्वासाच्या नळ्यांनाही असतं. ओलं, नाजूक, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. कापसाची धूळ गेली की ते सुजतं, नळी अरुंद होते. रविवारी त्याला विसावा मिळायचा, जरा सावरायचं. सोमवारी पुन्हा धूळ आली की ओरडायचं. जिवंत होतं म्हणून ओरडत होतं."

राहीबाईने विचारले, "आन् ह्यांनी रविवार बी सोडला न्हाई, त्येचं?"

डॉक्टरांनी सिगारेट पेटवली. धूर नाथाजींकडे जाऊ लागला, तेव्हा सौजन्य म्हणून खिडकी उघडली. "मग ते ओरडायचं सोडून देतं. सूज मुरते. अस्तर जाड होतं, निबर होतं. पुढं धूळ असली काय, नसली काय."

"बदलून मिळत न्हाई व्हय?" नाथाजींनी विचारले.

"कोटाचं मिळतं," डॉक्टर म्हणाले. मग जरा वरमून म्हणाले, "हे बघा, सध्या धुळीपासून लांब आहात. चार-सहा दिवस जाऊ द्या, मग एखादा चढ चढून बघा. दम मोकळा राहिला तर अजून वेळ गेलेली नाही. गिरणी सोडा, सुधाराल. पण स्वच्छ हवेतही पिपाणी वाजली, तर..." त्यांनी राख झटकली.

रहिमतपूरला परत आल्यावर नाथाजी मेहुण्याच्या, ज्ञानूच्या, ओट्यावर जे बसले ते उठेनात. जन्मभर सुट्टीला भ्यालेला माणूस आता चढाला भिऊ लागला. परीक्षेलाच बसले नाही तर नापास कोण करतो, असा त्यांचा हिशेब असावा.

"माळावर जाऊन येऊ," राहीबाई रोज म्हणे.

"आज पाय दुखत्यात."

"आज?"

"आज ऊन हाय."

"दाजी, ऊन खाली बी हायच की," ज्ञानू हसून म्हणाला. राहीबाईने त्याच्याकडे असे पाहिले, की तो गोठ्याकडे निघून गेला. ती त्यांच्या जेवणाच्या वेळी भांडीसुद्धा वाजू देत नसे. पुढ्यात बसून प्रत्येक घासामागचा श्वास ऐके.

रजेच्या शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "उद्या गाडी हाय. आज तरी चला."

ते उठले. गावामागे माळाचा चढ होता, माथ्यावर म्हसोबाचे ठाणे. ती पुढे, ते मागे. पहिला चढ त्यांनी सहज काढला. "बगितलंस? हाय का काय?" ते मोठ्याने म्हणाले. राहीबाई मागे वळून आठवड्यात पहिल्यांदा हसली.

थोडे वर गेल्यावर ते थांबले. "खालचा ऊस लय जोमात हाय गं."

"हाय की," ती म्हणाली.

आणखी थोडे वर गेल्यावर त्यांनी पलीकडचे रान कुणाचे म्हणून विचारले. तिने सांगितले. पुढच्या वळणावर विचारायला काही उरले नव्हते. त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडाशी धरला. वारा पडला होता, माळावर धुळीचा कण नव्हता, आणि पिपाणी अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

राहीबाईने मागे पाहिले नाही. ती वाटेतच खाली बसली.

"थांबा वं वाईच," ती म्हणाली, "काटा मोडला." पाय मांडीवर घेऊन, मान खाली घालून ती तळव्यात शोधू लागली.

नाथाजी गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. बऱ्याच वेळाने त्यांना शब्द फुटला. "घावला?"

तिने ऐकले. श्वास अजून उतरला नव्हता.

"न्हाई," ती म्हणाली, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.