पालथं पडून पाहायचा समुद्र

आमच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट तोलल्याशिवाय ठरत नाही. मी तराजू दुरुस्त करणारा माणूस. घरातल्याच दुकानाच्या फळीवर माझा पितळी तराजू उभा असतो आणि लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून आमची रीत पक्की आहे. डावं पारडं ‘हो’चं, उजवं ‘नाही’चं. ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचं आणि मुद्द्याच्या ऐपतीप्रमाणे वजन टाकायचं. पंखा असाच घेतला. लेकीचं नावही असंच ठेवलं. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मेव्हण्याला राहायला बोलवायचं नाही, हेही असंच ठरलं होतं.

“या तराजूचा काटाच वाकडा आहे,” असं बायको तेव्हापासून म्हणत आली. यंदा तिला दाराची चौकटही वाकडी दिसायला लागली, फुटपट्टी नागमोडी. मी म्हटलं, “बघ, काटा नव्हे, डोळा.”

डोळाच होता. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून आत गॅसचा बुडबुडा सोडू. गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा जसा वर जाऊन बसतो, तसा तो छिद्रावर जाऊन दाबून बसला पाहिजे, म्हणून दहा दिवस तोंड खाली. जेवण-आंघोळीपुरती सूट. बुडबुडा सरकला आणि छिद्र मिटलं नाही, तर त्या डोळ्याची नजर गेली.

 मला भीती ऑपरेशनची नव्हती, दहा दिवसांची होती. ही बाई फोटोतसुद्धा हललेली असते.

घरी येऊन मी खाटेच्या डोक्याकडच्या दोन फळ्या काढल्या, तिथे गाडीच्या ट्यूबचं कडं बसवलं आणि म्हटलं, “पड बघू, सवय कर.” ती पालथी पडली, तोंड कड्यात. चार मिनिटांनी म्हणाली, “दार वाजलं.”

“नाही वाजलं.”

“वाजेल आता,” म्हणाली आणि उठली.

खरंच वाजलं. लेक आली होती. ती मालट्रक चालवते. काखेत पाटीएवढी काळी पेटी होती, डिस्क घालून सिनेमा बघायचा प्लेअर, बारीकसारीक सगळं स्वच्छ दाखवणाऱ्या नव्या डिस्कचा. तिच्या जोडीदार चालकाला तो विकायचा होता. त्याने एक दिवस वापरून बघायला दिला होता.

“याचा पडदा फिरवून सपाट झोपवता येतो,” लेक म्हणाली. “खाटेखाली ठेवायचा, आणि आई वरून बघेल.”

“मोबाईल ठेवा की खाली,” बायको म्हणाली. “नवं खोकं कशाला?”

“मोबाईलला इंटरनेट लागतं. तुझ्या घरात ते पाहुण्यासारखं येतं. आणि मोबाईल दिसला की तू मामाला फोन लावणार. बोलताना तू चालतेस, आई.”

मी ‘हो’च्या पारड्यात किलोचं वजन टाकलं.

“बॅटरी किती चालते याची?” बायकोने विचारलं.

“अडीच तास.”

“आणि पुढे मी फरश्या मोजू?” तिनेही किलो टाकला.

“वायर लावून ठेवता येतो,” मी म्हणालो. अर्धा किलो.

“त्या वायरीत पाय अडकून तुम्ही पडणार. मग घरात दोघं पालथी.” अर्धा किलो.

लेक हसून हसून स्टुलावर बसली. म्हणाली, “अगं, चित्र किती स्वच्छ आहे ते तरी बघ.”

“एवढ्याशा पडद्यावर स्वच्छ काय आणि धूसर काय. भिंतीएवढा टीव्ही असता तर गोष्ट निराळी.” हे मात्र खरं होतं. मीच तिच्या हातात पावशेराचं वजन दिलं. “शिवाय या डिस्का आता मिळतात कुठे?”

“आमच्या अड्ड्यावर पेटीभर आहेत. आम्ही अदलाबदल करतो. जुन्या साध्या डिस्काही यात चालतात.” पावशेर इकडे. “फक्त ट्रकला खड्डा लागला की चित्र अडकतं. म्हणून तर तो विकतोय.”

“खाटेला खड्डे नाहीत,” मी म्हणालो आणि शंभर ग्रॅम ठेवले.

“पण तुम्ही घोरता,” बायको म्हणाली आणि शंभर ग्रॅम ठेवले.

पारडी हलली, डुलली, थांबली. काटा मधोमध. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं आणि बरोबरी झाली तर काय, याचा आमच्याकडे नियमच नव्हता.

“मधोमध नाही,” बायको वाकून म्हणाली. “एक केसभर ‘नाही’कडे आहे.”

“डोळा,” मी म्हणालो.

“माझा डावा डोळा ठणठणीत आहे हो.” पण मी ऐकत नाही म्हटल्यावर ती चिडली. “थांबा, हे खोकं किती निकामी आहे ते पडूनच दाखवते.” आणि पडली.

लेकीने पेटीबरोबर आलेल्यांतली पहिली डिस्क घातली. समुद्राच्या तळाची होती. आम्ही वाट बघत उभे. दोन मिनिटं झाली, चार झाली.

“अगं, ऊठ आता. काय ठरवायचं?”

खाटेखालून आवाज आला, “गप्प बसा. मासा येतोय.”

टीव्ही समोर बघायचा असतो. समुद्र मात्र होडीच्या काठावरून वाकूनच बघायचा असतो, हे आम्हा तिघांना तेव्हा कळलं. ती वरून बघत होती आणि खाली निळं पाणी, त्यात एकेक खवला मोजावा इतके स्वच्छ मासे. मी शेजारी जमिनीवर पालथा झालो. लेकही झाली. बॅटरी संपली तेव्हा बायको कड्यातूनच ओरडली, “वायर लावा, वायर,” आणि मी धावलो, आणि वायरीत पाय अडकून पडलो.

पेटी आम्ही विकत घेतली, आणि ऑपरेशननंतरचे दहा दिवस बायको तशीच पालथी राहिली. आठ वेळा तो समुद्र, मधे लेकीने आणलेल्या मारामाऱ्या, पुन्हा समुद्र. पेटी तापायची, घूं घूं करायची. ती म्हणायची, बोटीचं इंजिन आहे, चालू द्या.

दीड महिन्याने बुडबुडा विरला. डॉक्टरांनी डावा डोळा झाकून तिला दाराची चौकट दाखवली. सरळ. फुटपट्टी, सरळ. मी तिथेच खुर्चीत बसकण मारली.

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. थेट तराजूपुढे उभी राहिली, दोन्ही पारडी रिकामी केली आणि डावा डोळा हाताने झाकला.

“वाकडा,” ती म्हणाली.

मी भिंग लावलं. काटा एक केसभर ‘नाही’कडे होता. दुनियेचे तराजू नीट केले मी, घरचा कधी उघडून बघितला नव्हता.

“माझ्या भावाचं ‘नाही’ किती ग्रॅमने झालं होतं?”

“पाच,” मी म्हणालो.

मेव्हणा गुरुवारी आला, दोन ट्रंका आणि क्लॅरिनेट घेऊन. पहिल्याच संध्याकाळी त्याने ते ओठाला लावलं. बायको म्हणाली, “दादा, आधी इकडे ये, समुद्र बघ.”

तेव्हापासून तो खाटेवर पालथा आहे. तोंड कड्यात असलं की क्लॅरिनेट वाजवता येत नाही. पेटीचा हा फायदा तोलायच्या दिवशी कुणालाच सुचला नव्हता, नाहीतर मी त्या एका मुद्द्यासाठी ‘हो’त पाच किलो टाकले असते.