उघडी राहिलेली एकच खिडकी

माझ्या सासूबाई रक्तपेढीचा डेटाबेस सांभाळतात आणि मी त्यांच्या हाताखाली काम करतो. घरी जावई म्हणून मान मिळतो, त्याची सगळी भरपाई ऑफिसात होते.

त्या दुपारी डेटाबेस आडवा झाला. नेमका तेव्हाच ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, तिच्या दुर्मिळ गटाचं रक्त फ्रिजमध्ये नव्हतं, दाता ताबडतोब हवा होता. आणि दात्यांचे नंबर डेटाबेसात! कालच्या बॅकअपमधून आम्ही तो परत उभा करायला घेतला, तर बॅकअपचं टूल मध्येच अडलं. डिस्कवर जागा नाही!

"स्क्रीनवर कमांडची दुसरी खिडकी उघडा आणि जागा करा," सासूबाई म्हणाल्या.

"कशी उघडू? लॉगिनचे पासवर्ड त्याच डेटाबेसात आहेत!"

ही अक्कल आमचीच. चालू होती ती फक्त बॅकअप टूलची खिडकी, आणि सासूबाईंचा हात सवयीने ती बंद करायला निघाला होता.

"थांबा!" मी चक्क त्यांचं मनगट धरलं. "टूलमध्येच 'होस्ट' लिहून पुढे अवतरणात कमांड दिली, तर ती लॉगिनशिवाय थेट मशीनवर चालते!"

दिली. चालली! मी खुर्चीतून उडालोच. सगळी जागा खाऊन बसलं होतं एकच फोल्डर, नाव 'असू दे'. आत सासूबाईंनी वर्षानुवर्षं जपलेले जुने बॅकअप.

"अहो जावईबापू, ते नाही उडवायचं! कालची प्रत खराब निघाली तर?"

"तर आपण मेलो. पण जागा नाही झाली तर ती बाई मरेल."

सासूबाईंनी मला बाजूला सारून स्वतः कमांड लिहिली आणि डोळे मिटून एंटर दाबला.

टूल पुन्हा धावायला लागलं. आम्ही दोघं उभेच. शेवटी 'पूर्ण' असं उमटलं आणि सासूबाई अशा ओरडल्या की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले.

त्या गटाचे दाते मोजकेच. पहिल्याचा फोन बंद. दुसरा वाजला, वाजत राहिला, मग एका माणसाने उचलला. सासूबाईंनी एका दमात सगळं सांगितलं.

"कुठे यायचं?" एवढंच त्याने विचारलं.

कधीही शब्द कमी न पडणाऱ्या सासूबाईंच्या तोंडून आवाज फुटेना. त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. मलाही पत्ता दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा माझं रडणंच त्याला ऐकू गेलं असावं.