डेक्लनच्या फावड्याची खंडेनवमी

एकोणीसशे तीसच्या मंदीत इथल्या आयर्लंडच्या सरकारने बेकारांच्या टोळ्या करून डोंगरावर झाडं लावून घेतली, त्याचं म्हणे हे म्युझियम! पोर्टलीशच्या पलीकडे, आडगावात. एक तंबू, चार मेणाचे आयरिश आणि दोरीपलीकडे एक फावडं, शेजारी 'अस्सल, त्या काळचं' असं लिहिलेलं कार्ड. एवढ्यासाठी लोक तिकीट काढून येतात, बोला!

आमची ईशानी इथे गाइड. तिची नोकरीची ट्रायल आज संपत होती. पक्कं नाही केलं तर व्हिसा गेला, पोरगी परत पुण्याला. म्हणून तर मी गप्प बसायचं कबूल करून आले होते.

पण खंडेनवमी होती हो! आज हत्यारांना सुट्टी द्यायची, पूजा करायची; आणि त्या बिचाऱ्या फावड्यावर ही धूळ! ईशानी शाळेच्या पोरांना घेऊन बाहेर गेली, तशी मी दोरी ओलांडली. ओल्या रुमालाने फावडं खसाखसा पुसलं, हळदकुंकू वाहिलं, पार्किंगमधलं एक पिवळं फूलही ठेवलं.

"जीझस!" मागे डेक्लन, तिचा साहेब.

ईशानी धावत आली. "आई, काय केलंस हे! नव्वद वर्षांची वस्तू आहे ती!"

"ईशानी, असं असेल तर मला विचार करावा लागेल," डेक्लन म्हणाला. नको तिथे नाक खुपसून पोरीची नोकरी घालवली मी.

तेवढ्यात ईशानीने माझा रुमाल पाहिला. तपकिरी झालेला. गंज कुठला, चक्क रंग! आणि कुंकवाखाली पोलादात ठसठशीत अक्षरं: मेड इन इंडिया.

डेक्लनचा चेहरा पडला. "खरी फावडी माणसांनी घरी नेली," तो पुटपुटला. "बटाटे काढता काढता झिजून गेली. एकही उरलं नाही."

मी ईशानीला डोळा मारला. साहेब सापडलाय, गप्प बस, नोकरी पक्की! पण ही बापावर गेलेली.

"आत्ता बोललात तेच कार्डावर लिहा," ती म्हणाली. "नाहीतर मी उद्यापासून येणार नाही. रोज त्या पोरांना मी खोटं सांगत होते."

अगं ए बाई! तिचं तोंड दाबावंसं वाटलं मला.

डेक्लनने जुनं कार्ड काढून खिशात कोंबलं.

"ग्रँड," तो म्हणाला; म्हणजे इकडचं 'ठीक आहे'. "नवीन तूच लिही. नोकरीचे कागद मी करतो."

तो कुंकू पुसायला वाकला, तर ईशानीने त्याचा हात धरला.

"राहू दे. आज त्याची सुट्टी आहे."

मला तिथेच रडू फुटलं.