एका भुवईचे पैसे

माझ्या सासूबाई सत्यभामाबाई राजापेठेत पार्लर चालवतात आणि मी त्यांच्या हाताखाली आहे. माणूस सोन्यासारखं, पण पैसे न देता सटकणाऱ्या बायकांनी त्यांना पार पिडून सोडलं होतं. कुणाची पर्स गाडीच्या डिक्कीत राहिलेली असायची, कुणाचा नवरा खाली पैसे घेऊन उभा असायचा. आम्ही खाली जाऊन बघावं तर ना डिक्की, ना नवरा.

शेवटी सासूबाईंनी कायदा काढला. आधी एक भुवई करायची, मग तोंडातला दोरा सोडून म्हणायचं, "पैसे." हातात पडले की दुसरी भुवई. मी म्हटलं, "आई, आधी पैसे घ्या अन् मग दोन्ही करा ना." तर म्हणाल्या, "काम न दाखवता पैसे मांगू? मी काय भिकारीन हाये?" पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

कायदा चांगला चालला. एक भुवई कोरलेली आणि दुसरी रानटी घेऊन कोण बाई जिना उतरेल?

खुशी उतरली. हिवरखेडची मुलगी, इथे खोली करून शिकणारी. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, छान करा. उद्या सकाळी अकोल्याले साडीच्या दुकानात मुलाखत हाये. काउंटरवर उभं राहाचं काम हाये." सासूबाईंनी एक भुवई अशी केली की मीच बघत राहिले. मग दोरा सुटला.

"पैसे."

खुशीनं फोन उघडला. भाऊ पाठवणार होता, आले नव्हते. जवळ रोख होते, पण ते आजच्याच अकोल्याच्या गाडीभाड्याचे.

"येतीन ना पैसे. तवरोक बस तिथं," सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईला खुर्चीवर घेतलं. खुशी कोपऱ्यात बसली. फोन बघायची, घड्याळ बघायची. आम्ही दोघी कामात होतो तेवढ्यात ती उठून गेली. ओढणीनं अर्धं तोंड झाकून जिना उतरताना तिची पाठच काय ती मला दिसली.

"गेली?" सासूबाई म्हणाल्या. "जाऊ दे. अर्ध्याच कामाचे बुडाले."

पण खुर्चीवरच्या बाईच्या दोन्ही भुवया झाल्या, बाईनं आरशात बघून पैसे दिले, आणि सासूबाई त्या आरशासमोरून हलेचनात. त्यांना भाजीत मीठ कमी चालतं, पण डावी-उजवी भुवई जुळली नाही तर जेवण गोड लागत नाही.

"रागिणी," त्या म्हणाल्या, "त्या पोट्टीले कोन ठेवन कामावर? लोक हासतीन. गाडी काढ."

दोऱ्याचं रीळ आणि पावडरचा डबा घेऊन त्या माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. पर्स पार्लरमध्येच राहिली. स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेली होती. सासूबाई तिच्यात चढल्या, मी खाली खिडकीपाशी उभी. खुशी ओढणीत तोंड खुपसून बसलेली. सासूबाईंना बघून तिचा चेहरा उतरला.

"मावशी, खरंच देतो मी पैसे. अजून आले नाही."

"चूप राय. कपाळ तान."

शेजारच्या म्हातारीनं न सांगता खुशीचं डोकं धरून ठेवलं. सासूबाईंनी दोरा दातात धरला आणि कामाला लागल्या. कंडक्टरनं घंटी दिली. मी ओरडले, "आई, उतरा." त्या उतरणार कशा आणि बोलणार कशा? दोरा दातात. गाडी माझ्या सासूला घेऊन निघून गेली.

मी स्कूटीवर गाडीच्या मागोमाग. बडनेऱ्याला पोचले तर सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या, हातात तिकीट, तोंड लालबुंद.

"झाली भुवई?" मी विचारलं.

"झाली. गाडी हालत होती, तरी झाली. पन तो कंडक्टर तिकीट मांगून राहिला. माह्यापाशी छदाम नाही. मंग त्या पोट्टीनंच काढलं माह्यं तिकीट." त्यांनी हातातलं तिकीट उलटसुलट केलं. "भुवयाचे पैसे मी सोडलेच होते, अन् तिकिटाचे न देता तशीच उतरली. ते पोट्टी मनत असन, बाई पैसे न देता पयाली."

"मग फोन करून देऊ पाठवून."

"नंबर कुठं हाये तिचा?"

नंबर आम्ही दोघींनीही घेतला नव्हता. मी तिथंच हँडलवर डोकं टेकवून हसले. इतक्या बायकांनी माझ्या सासूला बुडवलं, आज पहिल्यांदा सासूनं कुणाला तरी बुडवलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या क्षणी त्यांची फार माया वाटली. मी हसणं थांबवलं.

"परवा पार्लर बंद ठेव," मागे बसत त्या म्हणाल्या. "अकोल्याले जाऊ."

"आई, अकोल्यात साडीची दुकानं किती. कुठं शोधणार?"

"सारी पाहू. काउंटरवर दिसनच ते," सासूबाई म्हणाल्या. "दोनी भुवया सारख्या झाल्या हायेत."