आधी कार्ड, मग फळ्या

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. पोटात दोनचार चाके आणि शाईची एक फीत, एवढाच माझा संसार. मी हजेरीचे घड्याळ. कामावर आलेल्या माणसाने आपले जाड कार्ड माझ्या तोंडात सरकवायचे आणि मी खट् करून त्यावर वेळ उमटवायची. जाताना पुन्हा तेच. आता मी भंगाराच्या दुकानात एका गंजक्या बंबावर पडलो आहे. माझ्यातली शाई वाळून गेली आहे.

माझा जन्म तोक्योच्या उत्तरेला एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी मला तीन दिवस दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहिले आणि चौथ्या दिवशी खोक्यात भरले. खोके उघडले ते उत्तर जपानमधल्या हाचिनोहेच्या बंदरावर. तिथे माकुळे, म्हणजे स्क्विड, साफ करण्याचा एक कारखाना होता. बोटी रात्रभर दिवे लावून माकुळे धरत आणि सकाळी ती आमच्याकडे येत. रबरी बूट घातलेल्या बायका त्यांची पोटे चिरत, आतडी काढत, कातडी सोलत. गार पाण्याने त्यांची बोटे लाल होत. मला दाराजवळच्या बोळात भिंतीला ठोकले. येता-जाता सगळ्या बायका माझ्यापुढे रांग लावत, तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

नोबुए आली तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. गप्प स्वभावाची, पण सुरी चालवायला लागली की बघत राहावे. तिची वेळ साडेआठ ते सव्वाबारा. दिवसाचे पावणेचार तास, आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे आठवड्याला एकोणीस तासांहून थोडे कमी.

"वीस तास झाले की बेकारीच्या विम्यात नाव जातं," सगळ्यांत जुन्या किसाकाकूने तिला पहिल्याच दिवशी समजावले. "मग दर महिन्याला पगारातून कापतात. आपल्याला काय करायचाय तो विमा? नवरा बोटीवर आहे ना तुझा?"

"आहे."

"मग तोच तुझा विमा. बुडाला तर बघू!"

बायका हसल्या. नोबुएही हसली. तेव्हा तिलाही वीस तास नकोच होते. घर, नवरा आणि अर्धा दिवस काम, तिचे बरे चालले होते.

आता मी तुम्हाला आमच्या कारखान्यातली रीत सांगतो. सव्वाबारा वाजले की बायका माझ्याकडे येत, कार्ड मारत आणि पुन्हा आत जात. चिरायच्या फळ्या घासत, फरशीवरचे पाणी झाडूने लोटत, आतड्यांची पिंपे धूत. सगळे लख्ख झाले की मगच घरी. यात पाऊण तास जाई. एकदा एका नव्या बाईने मुकादम नारुमीला विचारले होते, "साहेब, हे सगळं झाल्यावर कार्ड मारलं तर?"

नारुमी हसतच म्हणाला होता, "शाळेत असताना वर्ग झाडायचीस ना? मास्तरांकडे पगार मागितलास का कधी? काम ते काम. आवरणं म्हणजे माणुसकी, बाई."

त्या बाईने कार्ड मारले आणि झाडू उचलला. पुन्हा कुणी विचारले नाही. खरे सांगायचे तर नारुमी काही दुष्ट नव्हता. तोही लहानपणी वर्ग झाडूनच मोठा झाला होता. शिवाय आठवड्याला वीसचा आकडा ओलांडला तर मालकालाही विम्याचा वाटा भरावा लागणार आणि मालक त्यालाच बोल लावणार, हेही त्याला ठाऊक होते.

अशी नऊ वर्षे गेली. दर दिवशी मी नोबुएच्या कार्डावर १२:१५ उमटवत होतो, आणि दर दिवशी ती एक वाजता माझ्यासमोरून घरी जात होती. जाताना ती माझ्यावरची धूळ पदराने पुसल्यासारखी बाहीने पुसायची. मला फार आवडायचे ते. ती एक वाजता जाते हे मला दिसत होते. पण कार्ड तोंडात आल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मग एका शरद ऋतूत तिच्या नवऱ्याला, ताकेओला, बोटीवरच झटका आला. उजवे अंग गेले. बोटीच्या मालकाने त्याला घरी पाठवले, पगार थांबला. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने महत्त्वाचे. रोज कुणीतरी धरून चालवले, हात-पाय हलवून घेतले, तर पाय परत येईल. नाही तर राहील तसाच.

नोबुए नारुमीकडे गेली. "साहेब, माझे तास वाढवा. पंचवीस करा, तीस करा. विम्यात नाव घाला."

"अगं, माकुळंच येत नाहीत आता, तास कुठून वाढवू?" नारुमीने डोके खाजवले. ते खरेच होते. समुद्रातली माकुळे दरवर्षी कमी होत होती. रांगेत पूर्वी चाळीस बायका असत, त्या चौदा राहिल्या होत्या. फळ्या मात्र तितक्याच होत्या, त्यामुळे मागे राहून आवरायचे काम आता तासाभरावर गेले होते.

मार्चमध्ये मालकाने कारखाना बंद केल्याचे सांगितले. पॅकिंगमधल्या पूर्ण वेळच्या सहा बायकांना बेकारी भत्ता लागला. नोबुएच्या मनात एकच हिशेब होता. सहा महिने भत्ता मिळाला, तर सहा महिने घरी राहून ताकेओला चालवता येईल. ती रोजगार कचेरीत गेली. तिथे तिला सांगितले की तुमचे तास वीसच्या आत, तुमचे नाव विम्यात नाही. पण प्रत्यक्षात तुम्ही वीसच्या वर काम करत होता असे ठरले, तर मागच्या दोन वर्षांपुरते नाव आताही घालता येते. चौकशी करू.

म्हणून एका सकाळी कचेरीचे साहेब कारखान्यात आले. बाहेर बर्फ वितळत होते, त्यांच्या बुटांनी बोळभर चिखल झाला. नारुमीने कार्डांचे गठ्ठे काढून ठेवले होते. नोबुए आणि किसाकाकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. साहेबांनी आपल्या मनगटावरचे घड्याळ पाहिले, मग मला पाहिले. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

"घड्याळ बरोबर आहे," ते म्हणाले.

माझ्या आयुष्यात माझी एवढी मोठी स्तुती कुणी केली नव्हती. आणि मला तिथल्या तिथे बंद पडावेसे वाटले.

"कार्डावर सव्वाबारा आहे, बाई. रोजच."

"त्यानंतर मी फळ्या धुवायचे, साहेब. पिंपं धुवायचे. एक वाजायचा, कधी सव्वा."

"कुणी सांगितलं होतं धुवायला? मुकादमांनी?"

मित्रांनो, मुकादमाने सांगितलेले असेल तर ते काम धरतात. त्या क्षणी तिने फक्त 'हो' म्हणायचे होते. नारुमी खाली बघत होता. त्याने 'नाही' म्हटले असते असे मला वाटत नाही. पण नोबुएला प्रश्नच कळला नाही. ती गोंधळून म्हणाली, "सांगायला कशाला लागतं? आपण घाण करायची आणि तशीच टाकून जायचं का?"

साहेबांनी लिहून घेतले. मग ते किसाकाकूकडे वळले. "तुम्ही पाहिलंत यांना काम करताना? सव्वाबारानंतर?"

किसाकाकू नोबुएवर माया करणारी बाई. तिने मदत करायच्या मनानेच तोंड उघडले. "पाहिलं म्हणजे काय, मीही होतेच की. आम्ही सगळ्याच आवरायचो. नोबुए तर सगळ्यांत शेवटी जायची. पण साहेब, आवरण्याला काम कुठं म्हणतात? ती आपली रीत."

"काम नव्हे," साहेब लिहिता लिहिता पुटपुटले.

"पण हात तर तेच होते ना, साहेब," नोबुए म्हणाली. "पाणी तेच. घरी तो माझी वाट बघत पडलेला असतो."

साहेबांनी पेन थांबवले. त्यांनाही वाईट वाटले असावे. ते म्हणाले, "मला कार्डावर आणि जबानीवर जावं लागतं, बाई. दोन्ही एकच सांगतायत."

ते गेले. नारुमी गठ्ठे उचलून आत गेला. किसाकाकू नोबुएला म्हणाली, "मी काही चुकीचं बोलले का गं?" नोबुएने कोपऱ्यातले फडके घेतले, साहेबांच्या बुटांचा सगळा चिखल गुडघ्यांवर बसून पुसला, फडके पिळून वाळत घातले आणि गेली. किती वाजले होते ते मला माहीत आहे. तिच्याकडे आता कार्ड नव्हते.

अर्ज नामंजूर झाला. कारखान्याचे सामान विकले आणि मी इथे आलो.

गेल्या महिन्यात किसाकाकू जुनी पातेली विकायला आली होती. भंगारवाल्याने विचारले, "ती नोबुए काय करते हो हल्ली?"

"सकाळी हॉटेलात चादरी धुते, दुपारी भाजीच्या गोदामात. आठवड्याला इथं बारा तास, तिथं बारा तास. दोन्हीकडं वीसच्या आतच. दोन्ही मिळून चोवीस होतात, पण तसं धरत नाहीत म्हणे."

"आणि नवरा?"

"पलंगावर. चालवायला कोण आहे घरी? पाय आता काठीसारखा झालाय." किसाकाकूने पातेली तराजूत ठेवली. "मी तेव्हा 'काम' म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. रोज आठवतो मला."

मित्रांनो, माझे दिवस संपले. मला तेल घाला, भिंतीवर लावा, असे मी म्हणत नाही. माझे एवढेच मागणे आहे. घड्याळ बरोबर असले म्हणजे हजेरी खरी असते असे समजू नका. तुमची आई, मावशी, काकू कुठे थोडे तास काम करत असेल, तर आज ती घरी आल्यावर तिला विचारा की शेवटचे भांडे, शेवटची फळी, शेवटची फरशी धुऊन तू किती वाजता निघालीस. ती म्हणेल, "ते काय काम आहे का?" तरी विचारा. आणि ती जी वेळ सांगेल ती तारीख घालून एका वहीत लिहा. रोज लिहा.