बू मुनीराचा नोखदा

मी एक जुने मऊ प्रवाळ आहे. तुमच्या आजीच्या माळेतली पोवळी कठीण असतात, मित्रांनो. माझ्या अंगात तसे हाड नाही. जाड देठ आणि त्यावर छत्रीसारखा रुंद माथा, एवढाच माझा देह. माथ्यावर बारीक फुले उघडली की मी बरे आहे असे समजावे.

त्या संध्याकाळी माझी सगळी फुले उघडलेली होती. आखाताच्या काठच्या मुहर्रक शहरातल्या घरात, बैठकीत माझी काचेची टाकी आहे. टाकीसमोरच्या तिवईवर घरमालक हुमैद बसले होते. शेजारचे बू यूसुफ कॉफी पीत होते.

"बू मुनीरा, या भाजीला इतकं पाणी घालून मिळतं काय तुला? तळून तरी खाता येते का?" त्यांनी हुमैदना विचारले.

"गप रे. तुझ्या चारही पोरांपेक्षा हा नोखदा माझं जास्त ऐकतो."

नोखदा म्हणजे जहाजाचा तांडेल. हुमैद मला त्याच नावाने हाक मारीत. बंदरात त्यांचा सगळा जन्म गेला होता.

मग त्यांनी टाकीच्या गाळणीतली, पाणी स्वच्छ करणाऱ्या दाणेदार कोळशाची पिशवी दाबून पाहिली आणि आत बायकोला हाक दिली, "लतीफा, यातला कोळसा संपत आलाय गं. उद्या आठवण कर, बदलायला हवा."

इतक्यात त्यांची मुलगी दारात आली. गाडीची किल्ली हातात, पाय बाहेर.

"मुनीरा, ये बघ, आज कसा फुललाय!"

"उद्या बघते, युबा. उशीर झालाय." युबा म्हणजे बाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुमैद मासळीबाजारात गेले. तिथे ताजी हमूर निवडता निवडता खाली बसले, आणि पुन्हा उठले नाहीत.

मला या घरात आणले तेव्हा मुनीरा शाळेत होती. हुमैदच्या एका मित्राकडे मोठे प्रवाळ होते. त्याचा तुकडा कापून दगडाला दोऱ्याने बांधला, तो मी. भर उन्हातून हुमैदनी मला मांडीवर धरून आणले. तेव्हाही बैठकीतली माणसे त्यांना चिडवीत. इथे पुरुषाला मुलाच्या नावाने हाक मारतात, 'बू' म्हणजे अमक्याचा बाप. मुलगा नसला तर होणाऱ्या मुलाचे नाव आधीच लावून मोकळे होतात. हुमैद मात्र म्हणायचे, "मला मुलगी आहे ना? मग मी बू मुनीरा." लोक हसत. छोटी मुनीरा लाजून आत पळे. मी सगळे पाहत असे.

हुमैद गेल्यावर मी मिटले. सुरुवातीला कोणी घाबरले नाही. मधूनमधून मी अंग आक्रसून घेते, वर मेणचट पापुद्रा येतो आणि तो गळला की पुन्हा फुलते. हुमैद म्हणत, "कात टाकतोय, हात लावू नका." मुनीराला ते आठवत होते. तिने वाट पाहिली.

पण पापुद्रा गळला नाही. माझ्या माथ्याची कड तपकिरी होऊन लोंबू लागली. शेजारी मुठी उघडत मिटत डोलणारी नाजूक प्रवाळे होती, ती वितळून गेली. मुनीराने पाण्याचे मीठ मोजले, ते बरोबर होते. पाणी गार ठेवणारे यंत्र तपासले, ते चालू होते. मला दिव्यापासून खाली सरकवले. पाणी बदलले. पाणी बदलले की दोन दिवस बरे वाटे, मग पुन्हा तीच आग अंगाला लागे.

"मालकासाठी झुरतोय बिचारा," बू यूसुफ दारातून म्हणाले. "सोडून दे, पोरी. तो काही राहत नाही आता."

"मी नाही सोडणार, काका," मुनीरा म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

मित्रांनो, हुमैदची बोटे पाण्यात येत नाहीत हे मला कळत होते. पण मी झुरत नव्हते. माझे अंग जळत होते, आणि ते सांगायला मला तोंड नव्हते.

शेवटी तिने गाळणी पूर्ण उपसली. कोळशाची पिशवी पिळली तर तिचा हात काळा झाला. आत दाणेदार कोळसा नव्हता. चकचकीत गोल वड्यांचा लगदा होता. धूप जाळायला ज्यांचे निखारे करतात, त्या कोळशाच्या वड्या. ठिणगी लागताच पेटाव्यात म्हणून त्यांत क्षार मिसळलेला असतो.

"युम्मा, हे कुणी घातलं?" तिने आईला विचारले.

लतीफा साध्या, बिनसुगंधी कपड्यांत दारात उभी होती. नवरा गेल्यावर बाईने पाळायचे इद्दतीचे महिने चालू होते. अत्तर नाही, धूप नाही.

"मीच. दर जुम्म्याला नवीन घालते. तुझा युबा म्हणाला होता ना, कोळसा संपत आलाय, आठवण कर. आता धूप लावायचा नाही, डबा तसाच पडलेला. म्हटलं, त्याचं एक काम तरी माझ्या हातून व्हावं." मग मुलीचा चेहरा बघून ती थांबली. "का गं? चुकलं का?"

मुनीराने हातावरचे काळे पुसले. ओरडेल असे मला वाटले.

"पाण्याचा कोळसा वेगळा असतो, युम्मा. हा धुपाचा आहे."

"म्हणजे मीच मारलं या नोखद्याला?"

"मेला नाहीये अजून. ये, बादली धर."

मायलेकींनी मिळून पाणी बदलले. नवा दाणेदार कोळसा लतीफाने स्वतः धुतला, पाणी नितळ येईपर्यंत. मुनीराने धारदार पात्याने माझी सडकी कड कापली.  माथ्याचा जवळजवळ अर्धा भाग गेला. उरले ते किती दिवस टिकेल हे मलाही ठाऊक नव्हते.

मित्रांनो, आम्ही मुके जीव एका माणसाच्या हाताच्या सवयीवर जगतो. तो हात गेला की दुसरे हात प्रेमाने पुढे येतात, पण नुसते प्रेम आम्हाला पुरत नाही. तेव्हा घरातले कोणी एखादे काम मन लावून करत असेल, तर ते माणूस हयात असतानाच शेजारी बसा. कसे करता, काय घालता, विचारून घ्या. "ये बघ" म्हणून हाक आली, तर किल्ली खाली ठेवा.

बरेच दिवस मी मिटलेलेच होते. मग एका संध्याकाळी, जखमेपासून दूरच्या बाजूला, माझी थोडी फुले उघडली. मोजकीच. लतीफाला आधी दिसली. तिने हाक मारली, "मुनीरा, ये बघ!"

मुनीरा आली. तिने हुमैदची तिवई ओढली आणि बसली. काचेपलीकडून तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ आला. लतीफा मागे उभी होती, बू यूसुफ कॉफीचा पेला घेऊन शेजारी होते. त्यांच्यासमोर, मोठ्याने, ती म्हणाली,

"युबा, मी लाजून आत पळायचे ना, ते दाराआड थांबायला. तुम्हाला कुणी बू मुनीरा म्हटलं की मला ते पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटायचं."