तपासणाऱ्याची सही

नेडने उजव्या हाताने किटली उचलली आणि चहा कपाच्या चार बोटं अलीकडे, थेट टेबलावर ओतला. हृषीकेशने कप धारेखाली सरकवला. तेवढ्यात सांडला होता तो त्याने हाताशी असलेल्या टॉवेलने टिपून घेतला.

"ग्रँड," नेड म्हणाला. आपण नीटच ओतलं असं त्याला वाटलं असावं.

एक डोळा गेला की जवळ काय आणि लांब काय ते कळेनासं होतं. नेड हेहिरचा उजवा डोळा जाऊन पाच आठवडे झाले होते. डाव्या हाताची दोन बोटंही त्याच दिवशी गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, बायको वारल्यापासून आयर्लंडमधल्या एनिस गावाबाहेरच्या या घरात एकटा राहणारा, स्वतःचं स्वतः रांधून खाणारा. आता वरच्या मजल्यावर त्याची मुलगी ओर्ला त्याचे कपडे बॅगेत भरत होती, ते खाली ऐकू येत होतं. सोमवारी सोशल वर्कर येणार होती. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं तिचं मत पडलं, की नेड नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, जाणार होता.

हृषीकेश आज एक गोष्ट सांगायला आला होता. ती सांगितली तर नेड बहुधा याच घरात राहिला असता. पण आल्यापासून अर्ध्या तासात त्याने हवेबद्दल बोलून घेतलं, क्लेअर परगण्याच्या हर्लिंगच्या सामन्यांबद्दल बोलून घेतलं, लाहिंचच्या रस्त्यावरच्या खोदकामाबद्दलही. माणूस घाबरला की त्याला विषय फार सुचतात.

दोघांची ओळख झाली ती थ्री-नॉट-थ्रीमुळे. हृषीकेशचे आजोबा नागपूरला पोलिसांत हवालदार होते आणि त्यांच्या खांद्यावरची ती लाकडी दस्त्याची लांब बंदूक त्याने लहानपणी डोळे भरून पाहिली होती. पुढे तो इंजिनिअर होऊन शॅननच्या एका कारखान्यात, हृदयात घालायच्या नळ्यांची तपासणी करायला लागला. तिथे कोणीतरी म्हणालं, आमच्या नेमबाजीच्या क्लबात एक म्हातारा आहे, पहिल्या महायुद्धातली तसली बंदूक अजून चालवतो. हृषीकेश नुसता बघायला म्हणून गेला आणि वर्गणी भरून आला. आजोबांच्या वयाच्या माणसाला 'नेड' म्हणून हाक मारायची आणि मनात अहो-जाहो ठेवायचं, ही कसरतही त्याला हळूहळू जमली.

त्या बंदुकीची काडतुसं नेड स्वतः भरायचा. जुन्या छपरांचं शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या, थंड झाल्या की एकेक बोटांत फिरवून बघायची, कुठे सुरकुती दिसली की परत भांड्यात. शिशाची गोळी मऊ असते. फार जोराने हाकलली तर बंदुकीच्या नळीला शिसं फासत जाते, म्हणून तिच्यामागे दारू थोडीच घालायची. इतकी थोडी, की पितळेची पुंगळी अर्धीही भरत नाही. खरी मेख तिथेच आहे. चुकून एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, मुकाट आत मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून डोकवायचं. चाळीस वर्षं नेड असा डोकावत आला होता.

दारू भरायचं काम क्लबच्या परवाना असलेल्या खोलीतच, वहीत नोंद करून करायचं असा तिथला नियम होता. त्या वहीत हृषीकेशने तपासणाऱ्याच्या सहीचा एक रकाना वाढवला. कारखान्यात करणारा एक आणि तपासणारा दुसरा. दोन सह्या झाल्याशिवाय एक नळी दाराबाहेर पडत नाही.

"एकट्या माणसाची नजर कधीतरी चुकतेच, नेड," तो तेव्हा म्हणाला होता.

नेड हसला होता, पण त्याला रकाना आवडला. भरायचं नेडने, बघायचं हृषीकेशने आणि खाली सही ठोकायची. दोन वर्षं हे सुरळीत चाललं.

त्या शनिवारी पन्नास पुंगळ्या दारू भरून लाकडी ठोकळ्यात उभ्या होत्या आणि हृषीकेशला आईचा फोन आला. नागरिकत्व मंजूर झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात हातात पडलं होतं. शेजारीपाजारी पेढे आत्ता वाटू की किलार्नीला शपथ झाल्यावर, एवढंच आईला विचारायचं होतं. पण आईचं एवढंच म्हणजे वीस मिनिटं. फोन मानेत अडकवून त्याने बॅटरी पेटवली, ठोकळ्याच्या बाजूला धरली आणि "वाट गं, आत्ताच वाट," असं म्हणत वहीत सही केली. मग नेडला हात करून बोलत बोलतच तो गाडीकडे गेला. नेडने मागे एकट्याने गोळ्या बसवल्या. पुढच्या रविवारी सातव्या बाराला बंदूक त्याच्या तोंडाशी फुटली.

उरलेली काडतुसं गार्डांनी, म्हणजे तिथल्या पोलिसांनी, उघडवून घेतली. आणखी दोहोंत दुप्पट दारू निघाली. नेडची शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा बाहेरच्या बाकावर एका तरुण गार्डाने हृषीकेशला विचारलं, तू प्रत्येक पुंगळीत पाहिलं होतंस का? हो, तो म्हणाला. त्याने विचार केला नाही, नुसतं तोंडातून गेलं. गार्डाने ते लिहून घेतलं आणि त्यावरही त्याने सही केली. कारखान्यात न बघता सही करणाऱ्या एका ऑपरेटरला त्याने स्वतः घरी बसवलं होतं.

त्या एका 'हो'चा अर्थ सरळ होता. इंजिनिअर माणसाने पाहिलं तेव्हा सगळं ठीक होतं. म्हणजे तो गेल्यावर म्हातारा पुन्हा दारू घालत बसला, आणि ते त्याच्या लक्षातही राहिलेलं नाही.

आज सकाळी त्याने योगिनीला सांगितलं होतं. बायकोला सांगायला पाच आठवडे लागले.

"गार्डाला दिलेलं स्टेटमेंट बदलणार तू? आत्ता?" ती म्हणाली.

"गार्डाला नाही. फक्त ओर्लाला सांगतो."

"आणि ओर्ला कुणाला सांगेल ते तुझ्या हातात आहे का? शपथेला बावीस दिवस राहिलेत, हृषी. आपल्या सानिकाने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलंय. कशाला हात दाखवून अवलक्षण? त्यांचा डोळा काही परत येणार नाहीये."

"डोळ्याचं नाही गं. घराचं चाललंय."

ती धुतलेल्या ताटल्या पुसत राहिली. ती काही दगडाची नव्हती; पाच आठवडे आठवड्यातून दोनदा नेडकडे डबा जात होता तो तिच्याच हातचा. निघताना तिने आजचाही डबा त्याच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "बघ बाबा तुझं तू."

आता तो डबा नेडच्या टेबलावर होता आणि बोलायचे विषय संपले होते.

"नेड, त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं."

नेडने टेबल आधी बोटांनी चाचपलं आणि मग कप खाली ठेवला.

"पुंगळ्यांत. मी फोनवर होतो. न बघताच सही केली."

"माहितेय मला," नेड म्हणाला. "उजेड भिंतीवर पडला होता."

गेले पाच आठवडे हृषीकेशने या क्षणाची नाना रूपं मनात रंगवली होती. नेड ओरडतोय, नेड रडतोय, नेड बाहेर हो म्हणतोय. हे त्यांत नव्हतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुझी आई होती फोनवर." नेडने खांदे उडवले. "वाटलं, आधीच बघून झालं असेल तुझं. आणि वहीत सही होती. सही दिसली की मी पुढे डोकवायचं सोडूनच दिलं होतं. तू होतास ना."

वर कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. नेड आवाज उतरवून बोलू लागला.

"दुप्पट दारू माझ्याच हातून पडली. ते मी कुणावर ढकलत नाही. पण पन्नासात तीन चुकणं आणि माणूस भ्रमिष्ट होणं, यात फरक आहे की नाही? ओर्ला म्हणते, तू गेल्यावर मी काहीतरी करत बसलो आणि आता मला आठवत नाही. रोज म्हणते. गोड बोलून म्हणते. त्या शनिवारी मी काय केलं ते सगळं मला आठवतं, चहा किती वाजता प्यायलो तेसुद्धा. पण ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलंय, की केलंही असेल."

त्याचा उरलेला डोळा पाणावला होता. तो पुसायला त्याने डावा हात वर नेला, पट्टी पाहिली आणि परत मांडीवर ठेवला.

"गार्डांना काही सांगू नकोस. तुझं ते किलार्नीचं मला ठाऊक आहे. ओर्लाला सांग. तिला एकटीला. मग मी इथे राहीन."

"सांगतो," हृषीकेश म्हणाला. ते म्हणताना त्याला खरोखर सांगायचं होतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. त्याला हलकंही वाटलं. म्हाताऱ्याने फक्त एकीलाच सांगायला सांगितलं होतं.

ओर्ला जिन्यावरून खाली आली. काखेत फाइल, केस कसेतरी वर बांधलेले. पाच आठवडे ती डब्लिनहून ये-जा करत होती आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने योगिनीचा डबा उघडून वास घेतला, थँक्स म्हणाली आणि हृषीकेशशेजारची खुर्ची ओढून बसली.

"बरं झालं तू भेटलास. मला तुला एक विचारायचंच होतं. डॅड, तुमच्यासमोरच विचारते, पाठीमागे नको." तिने फाइलमधून एक कागद काढला. "मी महिन्यातून एकदा यायचे. तू तर दर शनिवारी यांच्याबरोबर असायचास. डॅड म्हणतात, त्यांचं काहीच बिघडलेलं नाही. तू खरं सांग, यांचं काही विसरणं वगैरे तुझ्या लक्षात आलं होतं का? नसेल तर नाही म्हण. मला उलट आनंद होईल."

हृषीकेशने तोंड उघडलं.

"फक्त एक," ओर्ला म्हणाली आणि पेनचं टोपण काढलं. "ते मी यात लिहीन, तुझ्या नावासकट. ती सोशल वर्कर गार्डांकडचे कागद पण मागवणार आहे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून वाचेल. चालेल ना तुला?"

नेड त्याच्याकडे बघत होता. बघत म्हणजे, मान जरा उजवीकडे वळवून, उरलेला डोळा बरोबर त्याच्यावर येईल अशी. त्याच्या चेहऱ्यावर कसलाच धाक नव्हता. कुणी आपलं सामान घेऊन येणार असलं की माणूस जसा दाराकडे बघतो, तसा तो निवांत बघत होता.

हृषीकेशला ते दोन कागद शेजारी शेजारी दिसले. खाली दोन्हीकडे त्याचंच नाव. त्यानंतर त्याला नेड दिसेनासा झाला.

"हल्ली हल्ली," तो म्हणाला. "थोडंसं. एखादी गोष्ट दोनदा करायचे कधी कधी."

ओर्लाने डोळे मिटले आणि श्वास सोडला. "मला वाटलंच," ती म्हणाली. "देवा. मला वाटायचं, मीच दुष्ट मुलगी आहे." ती लिहू लागली. तिचं अक्षर मोठं होतं, समोरून उलटंही वाचता येत होतं. हृषीकेशने नाव कसं लिहायचं ते तिला अक्षर अक्षर सांगितलं. त्याला स्वतःची किळस आली, आणि तरीही एक अक्षर राहिलं होतं ते त्याने दुरुस्त करून दिलं.

नेडने चहाचा एक घोट घेतला, गार झालेला गिळला. मग तो मुलीकडे वळला.

"ओर्ला," तो म्हणाला, "हा माणूस कोण आहे?"

ओर्लाचं पेन थांबलं. तिने वडिलांकडे पाहिलं, मग हृषीकेशकडे. त्याच्या दंडावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस." आणि मान खाली घालून तिने तेही लिहून घेतलं.